काकाजींच्या टाकीतला जावई

खोली बघायला गेले तेव्हा काकाजींनी मला पगार विचारला नाही, आडनाव विचारलं नाही, लग्न कधी करणार हेही विचारलं नाही. माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या बाटलीकडे बोट दाखवून म्हणाले, "पानी कुठचं हाये?"

"अकोल्याचं. घरूनच भरून आणलंय."

"दे इकडे."

बाटली उंच धरून त्यांनी घोटभर पाणी तोंडात घेतलं. डोळे मिटले, या गालातून त्या गालात फिरवलं, जास्वंदीच्या बुडाशी पच्कन थुंकलं आणि निकाल दिला, "बोअरचं हाये. सव्वाआठ. असं पानी पेऊन पेऊनच अकोल्याच्या मानसाचं डोकं गरम राह्यते."

माझं डोकं खरंच गरम झालं. पण मी अमरावतीच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायला नुकतीच लागले होते आणि आठ दिवस खोली शोधून माझी चप्पल झिजली होती. म्हणून गप्प बसले. सव्वाआठ म्हणजे काय ते मला कळत होतं. पाणी आंबटाकडे झुकलंय की खाराकडे, हे सांगणारा तो आकडा. सात म्हणजे मधोमध, त्याखाली आंबट, त्यावर खार. शाळेत आम्ही त्यासाठी कागदाची पट्टी बुडवायचो. इथे एक माणूस जीभ बुडवत होता. मी वायरींचं शिकवते म्हटल्यावर खोली तिथल्या तिथे पक्की झाली, कारण घरातल्या पंख्यापासून मिक्सरपर्यंत सगळ्यांनी एकाच वेळी संप पुकारला होता.

पुढची तीन वर्षं मी त्या घरात काढली. आता बदली होऊन पुन्हा अकोल्याला आले आहे आणि इथलं पाणी पिताना दर वेळी सव्वाआठ आठवतं. माणूस आपल्या तोंडाची चव अशी बिघडवून जातो.

काकाजी मूळचे भातकुलीकडचे. तो सगळा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी असं, की त्यात डाळ शिजता शिजत नाही आणि चहात दूध टाकलं की ते टिकेल याची खात्री नाही. त्या गावात पाण्याची पारख सगळ्यांनाच, काकाजींना जरा जास्तच. कुणाच्या वावरात विहिरीला पाणी लागलं की पहिला घोट काकाजींचा. ते थुंकतात की गिळतात, याकडे अख्खं गाव श्वास रोखून बघायचं. पुढे शेती भावावर सोपवून ते अमरावतीला आले, पण सवय काही गावात राहिली नाही. लग्नाला गेले की आधी पाण्याचा ग्लास, मग पोरीच्या बापाला बाजूला घेऊन, "वरन बिघडन तुमचं. टँकर बदला." दवाखान्यात पोट दुखतं म्हणून गेले आणि डॉक्टरांनी तपासायच्या आधी यांनीच दवाखान्याचा फिल्टर तपासून त्याला नावं ठेवली.

काकू सांगायच्या, "मले पाह्याले आले ना हे, तवा माह्याकडे मान वर करून पाह्यलंबी नाई. पोहे खाल्ले, पानी पेलं, अन् बापाले म्हने, पानी गोड हाये, पसंत हाये."

"मंग काय चुकलं माह्यं?" काकाजी आतून ओरडायचे. "मले त तू बी गोड असशीन असं वाटलं होतं."

गच्चीवर त्यांची बाग होती. हिरव्या जाळीखाली पांढरे पाइप आडवे टाकलेले, पाइपांना भोकं, भोकांत वाट्या आणि वाट्यांत रोपं. मातीचा कण नाही. मुळं सरळ पाण्यात लोंबकळत आणि ते पाणी एका निळ्या टाकीतून मोटरीने फिरत राही. पालक, पुदिना आणि सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याकडच्या वाचकांनी तिथे इडली शोधू नये.

"मातीनं जल्मभर मले नाचोलं," ते म्हणत. "आता मी पान्याले नाचोतो."

पाण्याला नाचवायचं म्हणजे सहाच्या आसपास ठेवायचं. रोपांना तेवढंच मानवतं. नळाचं पाणी पावणेआठ-आठला असतं, म्हणून आंबटपणा वाढवायच्या औषधाची एक बाटली असे. त्यातले थेंब टाकीत टाकायचे, काठीने ढवळायचं, बोट बुडवून जिभेला लावायचं. "आनखी दोन थेंब. बस. सहा." मी एकदा चोरून पट्टी बुडवून पाहिली. साडेसहा होतं. अर्ध्याची चूक मी त्यांना सांगितली नाही. मला खोली हवी होती.

सांगितलं ते त्यांच्या मुलाने, आणि तिथेच सगळं बिनसलं.

मुलगा पुण्याला एका कंपनीत होता. उन्हाळ्याच्या सुरुवातीला आला तो बापासाठी सेन्सर घेऊन. पेनाएवढी कांडी, तिच्या टोकाला काचेचा लहानसा फुगा, मागे वायर, वायरीला डबा. कांडी टाकीत सोडली की डब्यावर आकडा दिसायचा आणि तोच आकडा इंटरनेटवरून पुण्याला मुलाच्या मोबाइलवर. पाणी पाचाच्या खाली गेलं किंवा साडेसाताच्या वर, की त्याचा मोबाइल बोंबलायचा. मुलाने मला आणि बापाला समोर बसवून बजावलं होतं, की महिन्यातून एकदा ही काच पुडीच्या औषधी पाण्यात धुवायची आणि ती कायम ओली पाहिजे. टाकीतून काढली तर टोपणात औषधी पाणी घालून टोपण लावायचं. कोरडी पडली की संपली.

काकाजींनी त्याचं त्या दिवशीच बारसं केलं. "जावई हाये हा. कोरडा ठेवाचा नाई, धक्का लावाचा नाई, महिन्याले खास पुडीच्या पान्यानं आंघोय घालाची. एवढं करून वरून आपल्याच चुका काढनार."

मुलगा हसला आणि हसण्याच्या भरात त्याने परीक्षा लावली. तीन ग्लास. काकाजींनी आधी चव घ्यायची, मग कांडी बुडवायची. पहिला ग्लास बरोबर. दुसरा बरोबर. तिसऱ्याला काकाजी म्हणाले साडेसात, डबा म्हणाला आठ पूर्णांक तीन. त्यांनी पुन्हा घोट घेतला. पुन्हा साडेसात. डबाही आपल्या जागेवरून हलेना.

"बाबा, तुमची जीभ म्हातारी झाली," मुलगा म्हणाला. मनात काही नव्हतं त्याच्या. पण ज्या जिभेवर गावाने विहिरी बांधल्या, तिला पोटच्या पोराने म्हातारी म्हणावं? काकाजींनी ग्लास खाली ठेवला.

"मंग मशिनलेच इचारत जा. माह्याकून तुले फोन येनार नाई."

"ठीक आहे. मीही मशीनच बघत जाईन," मुलगा म्हणाला.

काकू जिन्यात उभ्या होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दोघाईचं पानी एकाच विहिरीचं."

त्यानंतर बापलेकांचं बोलणं बंद. काकू रोज संध्याकाळी मुलाशी बोलायच्या. काकाजी तेव्हा पेपर तोंडासमोर धरून बसत आणि अर्धा तास एकच पान वाचत. "बाबाले देऊ काय?" असं त्यांनी एक-दोनदा विचारलं. तिकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही, पण इकडचा पेपर खाली आला नाही.

मे महिन्यात ऊन असं तापलं, की टाकीतलं पाणी चढून आठावर गेलं. दोन मिनिटांत काकाजींचा मोबाइल वाजला. मी गच्चीवर पापड उचलत होते, म्हणून ऐकलं.

"बाबा, पाणी आठ झालंय."

"दिसते मले."

"थेंब टाका."

"टाकून राहिलो."

काम संपलं, पण फोन कुणीच ठेवला नाही. मग तिकडून, "गुडघा कसा आहे?" आणि पुढची वीस मिनिटं गुडघा, पुण्याचं जेवण, भातकुलीचा पाऊस कधी येणार आणि भावाच्या बैलाचा दुखरा खूर. फोन ठेवल्यावर काकाजींनी टाकीकडे असं पाहिलं, की मला तिथेच समजायला हवं होतं. कामाचा फोन होता तो. कामाच्या फोनमध्ये कुणाची हार होत नाही.

मला समजलं पुढच्या रविवारी. चार वाजता कपडे काढायला वर गेले तर काकाजी स्टुलावर बसलेले. मांडीवर मोबाइल, हातात लिंबू सरबताचा ग्लास आणि सरबतात सेन्सरची कांडी.

"काकाजी, हे काय?"

"जावयाले सरबत पाजून राहिलो. ऊन हाये ना."

डब्यावर अडीच. तेवढ्यात फोन वाजला. मी त्या माणसाला गुडघ्याच्या नावाने जिना चढताना रोज कण्हताना ऐकलं होतं. तोच माणूस एका उडीत टाकीपाशी गेला, कांडी खळखळून धुतली, टाकीत सोडली आणि पाचव्या रिंगला फोन उचलून अतिशय वैतागलेल्या आवाजात म्हणाला, "काय हाये बे? कामात हाव मी."

मी ओरडायला हवं होतं. मी तंत्रशिक्षण देणारी बाई, यंत्राशी अशी बनवाबनवी डोळ्यांदेखत चाललेली. पण मी कपड्यांच्या घड्या घालत तिथेच रेंगाळले आणि फोन संपल्यावर सल्ला दिला, "दर वेळी लिंबू नको. संशय येईल. एका रविवारी लिंबू, एका रविवारी खायचा सोडा. म्हणजे एकदा खाली जाईल, एकदा वर."

काकाजींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "अकोल्याचं पानी दिसते तितकं वाईट नाई," ते म्हणाले. आयुष्यात मला मिळालेल्या प्रशस्तिपत्रकांत हे मी वरचं समजते.

मग दर रविवारी चार वाजता आमचा कारभार. फोनवर काकाजी रंगात येत. "काय मालूम बाप्पा, कबुतर पडलं असन." "मशीनच बोगस देल्ली तुनं." मुलगा तिकडून धीराने उपाय सांगे आणि उपाय संपले की दोघं इतर गोष्टींवर येत. खाली काकू स्वयंपाकघरात लिंबं मोजत आणि कोड्यात पडत.

दसरा आला. मी सुट्टीला जोडून रजा काढली आणि कोजागिरीपर्यंत अकोल्याला गेले. परतले तो शनिवार होता. काकाजी अंगणात बसले होते. माझी बाटलीसुद्धा मागितली नाही त्यांनी.

"त्यानं घंटी बंद केली," ते म्हणाले.

"कोणी?"

"पोरानं. मांगच्या रविवारी दोन लिंबं पाजले. फोन नाई. कंटायला असन माह्यासंगं बोलाले."

दुसऱ्या दिवशी चारला आम्ही दोघं वर गेलो. लिंबू झालं, सोडा झाला, शेवटी काकूंच्या नकळत आणलेलं ताक झालं. डबा प्रत्येक वेळी म्हणाला सात. इलेक्ट्रॉनिक्सची मास्तरीण असून मला काय सुचावं? मी राउटर बंद करून चालू केला. मग पुन्हा बंद करून चालू केला. काकाजी म्हणाले, "राहू दे. नेट त चालू हाये, मनच बंद हाये त्याचं." मी नंतर खोलीत जाऊन स्वतःवर चरफडले, कारण त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

बुधवारी आयटीआयमधून आले तर काकू दारातच. "वर जाय पोरी. दुपारपासून खाली आले नाई."

गच्चीवर पालक आडवा झाला होता. सगळाच्या सगळा. पाइपांवर उकडून काढल्यासारखी पानं लोंबत होती आणि सांबाराने मान टाकली होती. काकाजी टाकीजवळ बसले होते. औषधाची बाटली पायाशी, रिकामी.

"ग्लासानं त्याले समजत नसन म्हनून टाक्यातच टाकली. पुरी बाटली." त्यांनी डब्याकडे बोट दाखवलं. "सात. भाजी मेली, पन सात. आपला बाप सारी बाग मारून बसला, तरी याले फोन करा वाटत नाई."

मला एकदम रडू आलं आणि त्याच वेळी डोक्यात काहीतरी खटकलं. पुरी बाटली पडल्यावर सात? खोलीतून पट्ट्या आणल्या, टाकीत बुडवली. पट्टी लालभडक झाली. मग मी कांडी वर ओढली, उन्हात धरली आणि पहिल्यांदा नीट पाहिली. काचेच्या फुग्यावर बारीक चरे होते आणि कडेच्या खाचेत पिवळंजर्द काहीतरी बसलं होतं. मी नखाने खरवडून वास घेतला. हळद.

"काकू!"

काकू धापा टाकत वर आल्या.

"खंडेनवमीला हिची पूजा केलीत?"

"केली नं. हे भावाकडे भातकुलीले गेले होते तवा. कोयता मांडला, इळी मांडली, स्कूटर धुतली, मिक्सर धुतलं. सारे हत्यारं मांडले, मंग यालेच काहून वगळाचं? चिंच लावून सोच्छ घासलं, कोरडं फटक पुसलं, हळद-कुंकू वाह्यलं, फूल वाह्यलं. दसऱ्याचं सोनं वाहून मंगच उचललं, अन् जागच्या जागी सोडून देल्लं. माह्या हातून त्याले पानीबी नाई लागू देल्लं दोन दिवस."

एवढ्या मायेने काकूंनी ते यंत्र मारलं होतं. मी कपाळावर हात मारला. काकाजींना समजावून सांगितलं, की काच घासली गेली आणि दोन दिवस कोरडी राहिली. आता ती मेली आहे. सरबतात टाका की तेजाबात, ती सातच म्हणणार. म्हणजे पुण्याच्या मोबाइलवरही सातच. तिकडे घंटी वाजणार कशी?

काकाजींनी कांडी माझ्या हातातून घेतली. "म्हंजे त्यानं घंटी बंद नाई केली?"

"नाही हो. जावईच मुका झालाय."

ते हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. मेलेल्या पालकाकडे बघितलं, काकूंकडे बघितलं आणि पुन्हा हसले. काकूंना मात्र आपण काय केलं ते अजून कळलं नव्हतं. "पूजा केली त हसाले काय झालं?" असं म्हणत त्या रागाने खाली गेल्या.

"फोन करा ना आता," मी म्हटलं. "सांगा, सेन्सर बिघडला."

हसू गेलं. "माह्याकून फोन जानार नाई, सांगतलं हाये त्याले."

"मग मी करते."

"तू केला त खोली खाली कर."

इतकं सगळं होऊनही ते त्याच हट्टावर येऊन बसले होते. मी तणतणत खाली आले. फोन मात्र केला नाही. खोलीची भीती नव्हती आता, पण तो फोन माझा नव्हता.

शनिवारी सकाळी मी अंगणात ब्रश करत होते आणि काकाजी जास्वंदीला पाणी घालत होते. फाटकाशी रिक्षा थांबली. मुलगा उतरला. पाठीला पिशवी, डोळे लाल, पुण्याच्या गाडीत रात्रभर बसलेला.

काकाजींनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी तोंडात फेस घेऊनच मान हलवली, मी नाही म्हणून.

"काहून आला?" ते मुलाला म्हणाले.

मुलगा एरवी आमच्याशी पुणेरी बोलायचा. त्या दिवशी फाटकातच त्याचं पुणं गळून पडलं. "लिंबू काहून पाजलं नाई तुमी?"

काकाजींच्या हातातल्या पाइपचं पाणी त्यांच्याच पायावर पडत होतं.

"दोन रविवार झाले," मुलगा म्हणाला. "लिंबू नाई, सोडा नाई. पाह्यलं की सात, पाह्यलं की सात. आई म्हने तब्येत बरी हाये. मंग मले वाटलं, आता बाबाले मशिनच्या बहान्यानंबी माह्यासंगं बोलाचं नाई."

"तुले मालूम होतं?"

"पह्यल्या रविवारपासून. एवढ्या मोठ्या टाक्यातलं पानी अडीचवर जाऊन दहा मिनिटांत परत सहावर येते काय, बाबा? अन् तेबी बरोबर चार वाजता? अन् आई म्हने, दर रविवारी घरातले लिंबं, नाई त सोडा, कमी होते."

"मंग बोलला काहून नाई?"

"बोललो असतो त तुमी बंद केलं असतं."

काकाजींचे डोळे भरले होते, ते लपवायला त्यांनी पाइप उगाच जास्वंदीच्या शेंड्यावर धरला. मी चूळ भरायच्या निमित्ताने आत पळाले. माझंही काही फार बरं चाललं नव्हतं.

ते दोन दिवस बापलेकांनी मिळून टाकी उपसली, पाइप धुतले, पालकाचं बी नव्याने लावलं आणि प्रत्येक कामावर यथेच्छ भांडले. मुलाने नवा सेन्सर आणला होता. तो बसवल्यावर त्याने आईला हात जोडून सांगितलं, की दिवाळीला याची पूजा करायची नाही. काकू म्हणाल्या, लांबून अक्षता टाकीन. रविवारी संध्याकाळी तो गेला. जाताना बापाच्या पाया पडला. फोन कोण कुणाला करणार, यावर दोघांपैकी एकानेही तोंड उघडलं नाही.

पुढच्या रविवारी चार वाजता काकाजी मोबाइल घेऊन वर गेले. काकूंनी लिंबांची टोपली पाहिली. सगळी जागेवर होती. त्यांनी मला खूण केली आणि आम्ही दोघी चपला काढून जिन्याच्या वरच्या पायरीशी येऊन उभ्या राहिलो. वर स्टूल सरकल्याचा आवाज आला. मग काकाजींनी दोनदा घसा खाकरला.

"हॅलो. हो, मीच बोलून राहिलो. नाई नाई, पानी बरोबर हाये. सव्वासहा. मशीनबी बरोबर हाये. आई बरी हाये, मी बरा हाव. काई नाई झालं रे बाप्पा. असाच केला."